तळाला माती न लागलेले बूट

बूट घ्यायला आम्ही संध्याकाळी गेलो, त्याचं कारण शास्त्रीय होतं. दिवसभर वापरून माणसाचा पाय संध्याकाळी किंचित मोठा होतो. सकाळी घेतलेला बूट हा सकाळच्या पायाचा असतो, आणि डोंगर काही सकाळपुरता नसतो. हे मी नवऱ्याला बसस्टॉपवर समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उद्या सकाळी हे मला सैल होणार?"

"किंचित."

"मग ही त्रुटी आहे," तो म्हणाला.

नवरा विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासतो. कुणाची गाडी बुडाली, कुणाचं दुकान जळालं, ते सगळं कागद होऊन त्याच्या टेबलावर येतं आणि तो त्यावर तीनपैकी एक शब्द लिहितो: ‘त्रुटी’, ‘प्रलंबित’ किंवा ‘मंजूर’. पहिले दोन शब्द तो घरीही वापरतो. तिसरा ऑफिसातच राहतो. जेवण आवडलं तर तो पुन्हा वाढून घेतो, पण तोंडाने मंजुरी देत नाही. आमच्या लग्नालाही त्याने कधी ‘मंजूर’ म्हटल्याचं मला आठवत नाही. ते प्रलंबित आहे असं धरून मी संसार केला.

आमची लेक डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत पाऊस मोजते. ही नोकरी तिने धरली तेव्हा शहरातल्या एका चांगल्या ऑफिसातली जागा तिला मिळत होती. नवरा तिला काही बोलला नाही, फक्त "त्रुटी आहेत" एवढं म्हणून पेपर वाचायला लागला. नंतर ते प्रकरण प्रलंबित झालं. भांडण वगैरे काही नाही. रोज फोन होतो, हसणं होतं. पण तिची जागा बघायला तो एकदाही गेला नाही. गाडीरस्ता पायथ्याशी संपतो, पुढे ओला दगड आणि चिखल. आणि आमच्याच इमारतीच्या दारात, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरून त्याने मागे घोटा मोडून घेतला होता. हाड जुळलं. हाडाच्या आतबाहेर आणखी जे काही असतं, ते जुळलं नाही. ओली जमीन दिसली की तो अजूनही आधी भिंत शोधतो.

त्यात लेकीचा फोन आला. "आई, महिनाअखेरीपासून इथे यंत्रच पाऊस मोजणार. माझी बदली झाली, खाली, ऑफिसात. बाबाला सांग ना, एकदा माझी खिडकी बघून जा म्हणावं. ढग आत येतो गं. सरळ येऊन टेबलावर बसतो आणि मी माझा चहाचा कप चाचपडत बसते."

नवऱ्याने फोन हातात घेतला. "बरे बूट मिळाले की येतो."

"नक्की?"

"पाणी न शिरणारे, घोट्याला धरणारे आणि पायाला सुखाचे. तिन्ही एकाच बुटात असतील तर."

या तीन अटी त्याने ज्या आवाजात सांगितल्या तो आवाज मी ओळखते. दावा फेटाळण्याआधी तो याच आवाजात गोड बोलतो. लेक मात्र खूश होऊन म्हणाली, "मिळतील रे!" आणि ते बूट मिळवायचेच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आहे. भिंतीतून ओल आत कशी येते हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. ज्या बाईने एवढ्या भिंती तपासल्या तिला एक बूट तपासता येऊ नये?

दुकानात एक छोटा लाकडी डोंगर होता. गुडघाभर उंच, एका बाजूला गोटे चिकटवलेले, दुसरीकडे गुळगुळीत उतार. बूट घालून त्यावर चढून बघायचं. विक्रेता मोठा उत्साही होता. तो स्वतः कधी कुठे चढला असेल असं वाटत नव्हतं, पण त्याची जीभ शिखरावर जाऊन आली होती.

"मॅडम, या बुटाचं वैशिष्ट्य म्हणजे पाणी आत येणार नाही आणि घाम बाहेर जाईल."

"दोन्ही पाणीच," मी म्हणाले.

तो माझ्याकडे दुखावल्यासारखा बघत राहिला. मग मीच त्याला सांगितलं, की आतल्या पडद्याला इतकी बारीक भोकं असतात की थेंब त्यांतून शिरू शकत नाही, पण वाफ निघून जाते. सांगता सांगता मला स्वतःलाच ते फार सुंदर वाटायला लागलं. एक कापड आहे, त्याला थेंब आणि वाफ यांतला फरक कळतो. काही बोलायचं असेल आणि शब्द जड पडत असतील, तर माणसांमध्येही असा एखादा पडदा असायला हरकत नव्हती. विक्रेत्याने आदराने विचारलं, "तुम्ही याच कंपनीत आहात का?"

तेवढ्यात नवऱ्याने बरेच बूट बाद केले होते. एकात करंगळी दबत होती. एकात टाच वर उचलली जात होती. अशी टाच उतरताना फोड आणते, हे मी वाचलं होतं. एक जोडी इतकी जड होती की ती घालून तो नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "हे चालण्यासाठी नाहीत. हे माणसाला एका जागी ठेवण्यासाठी आहेत."

मग ती तपकिरी जोडी आली. घोट्याच्या वरपर्यंत, पुढे रुंद, आतली जीभ दोन्ही कडांना शिवलेली, म्हणजे नाडीच्या फटीतून पाणी शिरायला नको. नवऱ्याने ते घातले, लाकडी डोंगरावर चढला आणि वर जाऊन थांबला. डोळे अर्धवट मिटलेले.

"वारा लागतोय का?" मी विचारलं.

"पंख्याचा आहे," तो म्हणाला. "पण बरा आहे."

"साहेब, उतरता का? मागे लोक थांबलेत," विक्रेता म्हणाला. नवरा उतरला नाही. त्याला समोरची मोज्यांची मांडणी दिसत नव्हती, हे मला दिसत होतं.

"टोचतंय?"

"नाही."

"घट्ट?"

"नाही."

"मग काय?"

"काही सापडत नाही," तो काळजीने म्हणाला.

तिन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या. बिल हातात येईपर्यंत त्याचा चेहरा उतरलेलाच होता. मग त्याने सवयीने बिल उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि एकदम उजळला. महिनाभरात बूट परत करता येणार होते, मात्र माल ‘बाहेर’ वापरलेला नसावा आणि तळाला माती लागलेली नसावी.

"आधी घरात घालून बघू," तो म्हणाला. "घाई कशाला?"

त्या दिवसापासून आमच्या घरात तिसरं माणूस आल्यासारखं झालं. संध्याकाळी ऑफिसातून आला की चहा घेऊन नवरा बूट चढवायचा आणि स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत चालायचा. चालताना तो कुठेतरी दुसरीकडेच असायचा. "जरा बाजूला होतेस का? इथे उतार आहे," असं मला एकदा फ्रिजजवळ म्हणाला. मी झाले बाजूला.

बाल्कनीच्या दाराशी मात्र तो रोज थबकायचा. बाल्कनीला छप्पर आहे, पण तिरपा पाऊस आला तर फरशी ओली होते. मग ती आत की बाहेर? विमा कंपनीत असल्या प्रश्नावर माणसं वर्षानुवर्षं जगतात. त्याने दुकानाला रीतसर विचारणा केली. तिथल्या ग्राहक समाधान विभागाने आधी बुटांचा फोटो मागवला, मग बाल्कनीचा, मग फोटो स्पष्ट नाही म्हणून कळवलं, मग आमचा प्रश्न बुटांबद्दल आहे की बाल्कनीबद्दल ते विचारलं. शेवटी उत्तर आलं: ‘छप्पर असलेली जागा आत समजण्यात येईल.’

"जिन्याला छप्पर आहे," नवरा म्हणाला.

अशा रीतीने त्याने आमच्या इमारतीचा डोंगर चढायला सुरुवात केली. खिशातल्या फोनवर लेक. तिची वरची कामं उरकलेली असायची आणि ती खिडकीत बसून त्याला वाट सांगायची.

"कुठे आहेस बाबा?"

"दुसरा मजला."

"म्हणजे झाडं आता बुटकी झाली असतील. डाव्या हाताला पाण्याचा आवाज येतोय का?"

आमच्या दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला कुणाच्या तरी घरात कपडे धुण्याचं यंत्र चालू असतं. "येतोय," नवरा म्हणायचा.

"तिथे दगड हिरवे आहेत. दिसतात मऊ, पण पाय दगडावर नको, शेजारी बघून ठेव."

आणि तो खरंच बघून ठेवायचा. आमच्या रोजच्या कोरड्या पायऱ्यांवर, कठड्याला न धरता.

समोरच्या घरातल्या काकांना आम्ही अनुभवकाका म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझा अनुभव असा’ने सुरू होतं. त्यांनी आयुष्यभर वह्यापेनांचं दुकान चालवलं. दार उघडं ठेवून ते नवऱ्याची वाट बघायचे.

"माझा अनुभव असा, की बूट दोन नंबर मोठा घ्यावा आणि पुढे कागद भरावा."

"काका, मग कागद चालेल, मी नाही," नवरा जाता जाता म्हणायचा.

"मेणबत्ती घासा हो वहिनी. शिवणीवर मेणबत्ती! माझा अनुभव आहे."

"बुटांचा?" मी विचारलं.

"छत्रीचा."

नंतर सेक्रेटरीबाई आल्या. आमच्या इमारतीचा कारभार त्यांच्याकडे आहे आणि त्या तो मनापासून करतात. जिन्याचा वापर केवळ जाण्यायेण्यासाठी करावा, असा नियम त्यांनी दाखवला.

"मी जातोय आणि येतोय," नवरा म्हणाला.

"पण कुठेही न पोचता!"

"नियमात पोचण्याची अट नाही."

सेक्रेटरीबाई जिन्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. याला कमिटीची परवानगी लागेल, अर्ज द्यावा लागेल, असं त्या बोलत होत्या, तेवढ्यात नवऱ्याच्या खिशातून लेकीचा आवाज आला, "बाबा, आता गप्प राहा हं. आता ढग येतोय. तुझ्या पायाशी आलाय. आता गुडघ्याशी." सेक्रेटरीबाईंनी आपल्या पायांकडे बघितलं. मग त्या भिंतीला टेकून हळूच खालच्या पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊनच आल्या. "परवानगी मिळालेली नाही, एवढं लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी फोनचा आवाज मोठा करायला सांगितला. लेकीलाही मजा यायला लागली. ती कधी वारा ऐकवायची, कधी पत्र्यावरचा पाऊस. आमच्या जिन्यात कुणी मोठ्याने बोलेनासं झालं.

हे सगळं फार छान चाललं होतं आणि म्हणूनच मला काळजी वाटत होती. महिना सरत आला होता. वर जायचा दिवस विचारला की नवरा म्हणायचा, "पाणी शिरतं की नाही, हे अजून कुठे सिद्ध झालंय?"

इथे मी कमरेला पदर खोचला, म्हणजे खरं तर प्रयोगशाळेचा कोट. मोरचूद भाजलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि ते पांढरं पडतं. त्याला पाण्याचा अंश लागला की पुन्हा निळं होतं. ओल ओळखायला यासारखी सोपी गोष्ट नाही. मी प्रयोगशाळेतून थोडं भाजलेलं मोरचूद आणलं, पातळ कागदाच्या दोन पुड्या केल्या, एकेका बुटात पुढे सरकवल्या आणि रविवारी सकाळी दोन्ही बूट घोट्याएवढ्या पाण्याच्या टबात बाथरूममध्ये ठेवले. छप्पर होतंच. ‘हात लावू नये’ असं तोंडी सांगितलं आणि कारखान्यात एक तातडीचं काम निघालं म्हणून गेले.

परत आले तर इमारतीच्या दारात माणसं. जिन्यात माणसं. चौथ्या मजल्याच्या चौकात माझा नवरा पाठीवर झोपलेला, पाय खुर्चीवर वर ठेवलेले, सेक्रेटरीबाई पुठ्ठ्याने वारा घालतायत, आणि अनुभवकाका त्याचा अंगठा धरून उभे.

"वहिनी, घाबरू नका," काका घाबरून म्हणाले. "पाय निळे पडलेत. माझा अनुभव असा, की पाय निळा म्हणजे हृदय."

मी पाय बघितले. असा स्वच्छ निळा मी बाटलीतच पाहिला होता.

"मोरचूद आहे," मी म्हणाले.

"अरे देवा," काका म्हणाले. "म्हणजे शेवटची पायरी का?"

झालं होतं असं. संध्याकाळची वेळ झाली, लेकीचा फोन आला, नवऱ्याने बूट टबातून काढून पुसले आणि पातळ मोजे घालून पाय आत सारले. पुड्या फुटल्या. चार मजल्यांच्या चढणीत त्याला घाम आला. काहीतरी खरखरतंय म्हणून त्याने काकांच्या देखत बूट आणि मोजा काढला.

"पण तुला काय होतंय?" मी नवऱ्याला विचारलं.

"मला काही होत नाहीये," तो झोपल्याझोपल्या म्हणाला. "मी तेच सांगत होतो. पण हे म्हणाले, असंच असतं, सुरुवातीला काही होत नाही."

मी त्याला उठवून बाथरूममध्ये नेलं आणि साबणाने पाय धुवायला लावले. नखांच्या कडांना थोडा निळा राहिलाच. प्रयोगाचा तर पार बोऱ्या वाजला होता. मोरचूद निळं झालं ते टबातल्या पाण्याने की नवऱ्याच्या घामाने, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढून मी एक नवरासुद्धा नमुन्यापासून वेगळा ठेवू शकले नाही. सेक्रेटरीबाई दारातून म्हणाल्या, "तुम्ही रंगाच्या कारखान्यात आहात हे माहीत होतं, पण घरीसुद्धा?" मी दार लावून घेतलं.

या गडबडीत फोन चालूच राहिला होता. लेकीने सगळं ऐकलं होतं. हृदय, निळे पाय, शेवटची पायरी. मी तिला समजावलं, हसवायला बघितलं. ती हसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "नको येऊस तू. खरंच. मी उगाच मागे लागले. चार दिवसांनी खाली येणारच आहे, तेव्हा भेटू. खिडकीचं काय एवढं."

इतके दिवस ज्याची तो वाट बघत होता ते कारण त्याला आयतं मिळालं होतं. मला वाटलं, आता बूट पुसून खोक्यात जातील. नवरा पलंगावर बसला, एक बूट मांडीवर घेऊन. बराच वेळ त्याने त्याची नाडी ओवली आणि पुन्हा काढली.

"तिने मला नामंजूर केलं," तो म्हणाला.

"तू अर्ज केलाच कुठे होतास?"

"तेच म्हणतोय मी." त्याने दुसरा बूट उचलला. "उद्या सकाळी बस असते ना?"

तिला आम्ही कळवलं नाही.

बस पायथ्याशी थांबली तेव्हा पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत तरंगत होता. छपराखाली, बसथांब्यात बसून नवऱ्याने बुटांच्या नाड्या बांधल्या. गाठ दोनदा तपासली. उठला, छपराच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. समोर लाल चिखल होता. मऊ, चकचकीत, कुणीही पाय न ठेवलेला.

"थांब जरा," तो म्हणाला. परत बसला, बूट काढले, पिशवीच्या तळातून जुन्या सँडल काढल्या. त्या त्याने माझ्या नकळत आणल्या होत्या.

"अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"परत करायची मुदत अजून आहे. वर जाऊन कळलं की टोचतात, तर?"

"ते चिखलासाठीच घेतलेत!"

"म्हणून काय पहिल्याच चिखलात घालायचे?"

यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. त्याने दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, बूट गळ्यात अडकवले, त्यांवर प्लास्टिकची पिशवी घातली आणि पिशवीवर छत्री धरली. पाणी न शिरणारे बूट छत्रीखाली कोरडे, आणि तो स्वतः खांद्यापर्यंत ओला, असे आम्ही निघालो. माझ्या पाठीवर सॅक, तिच्यात त्याचे जाड मोजे, आणि मनात माझा अपमान.

पण एक गोष्ट मी मागून चालताना बघितली. त्याचं सगळं लक्ष बुटांकडे होतं. बूट हलू नयेत, भिजू नयेत, दगडाला घासू नयेत. घोट्याकडे लक्ष द्यायला त्याला सवडच नव्हती. तो पाय बघून ठेवत होता, दगडावर नाही तर दगडाशेजारी, जसं लेकीने जिन्यात सांगितलं होतं. वाट त्याला पाठ होती. "आता डावीकडे पाणी येईल," तो म्हणाला आणि पाणी आलं. "हा आपला दुसरा मजला." झाडं बुटकी होत गेली. हिरवे दगड आले, मऊ दिसणारे. पुढे ढग आला, आधी पायाशी, मग गुडघ्याशी, आणि मग नवरा दिसेनासाच झाला, नुसती छत्री पुढे जात होती, आणि छत्रीखालून आवाज येत होता, "सांभाळून ये गं. इथे अनुभवकाका राहतात."

वेधशाळा म्हणजे एक बसकं दगडी घर निघालं. लेकीने दार उघडलं. आमच्याकडे बघितलं, गळ्यातल्या बुटांकडे बघितलं, मग खाली, सँडलमधून बाहेर आलेल्या निळ्या नखांकडे.

"आई, हा आला कसा?"

"कोरड्या बुटांनी," मी म्हणाले.

ती हसायला लागली आणि हसताना मधेच तिने बाबाच्या ओल्या शर्टात तोंड खुपसलं. बूट मधे आले. "थांब, थांब, ओले होतील," तो म्हणाला, पण हलला मात्र नाही.

खिडकी तिने सांगितली होती तशीच होती. लाकडी, टेबलाला लागून. ढग आत येत होता. टेबलावर बसला, कपावर बसला, नवऱ्याच्या चष्म्यावर बसला. मी त्याच्या मागे उभी राहिले. लहानपणापासून मी वाफ आणि थेंब शिकत आले, पण दोन्हींच्या मधली ही जी जागा असते, जिथे पाणी अजून काय व्हायचं ते ठरवत असतं, तिच्यात मी कधी बसले नव्हते.  नवऱ्याने जाड मोजे आणि बूट घातले. खोलीला छप्पर होतं.

मग लेकीने घड्याळ बघितलं. "माझी पाऊस मोजायची वेळ झाली. तुम्ही बसा, मी आले."

पाऊस मोजायचं भांडं अंगणाच्या पलीकडे, कुंपणाच्या आत होतं. मधे नुसता चिखल. ती गेली तशी नवरा उठला आणि ओसरीच्या कडेपर्यंत आला. तिथे पत्रा संपत होता. त्याच्या टोकावरून थेंबांची एक ओळ पडत होती, आत आणि बाहेर यांच्या बरोबर मधे. सँडल त्याने दाराशी काढून ठेवल्या होत्या, हाताच्या अंतरावर. मला वाटलं, आता त्या घालेल.

लेक भांड्याजवळून वळून बघत होती. 

नवऱ्याने कठडा शोधला. तिथे कठडा नव्हता. मग त्याने उजवा पाय उचलला आणि चिखलात ठेवला. पाय रुतला, थांबला, घसरला नाही. त्याने डावा ठेवला. असा तो अंगणभर चालत गेला, हात जरासे पसरून, झोपेत चालल्यासारखा, आणि त्याच्या मागे तळाच्या खाचांचे ठसे एकेक करून पाण्याने भरत गेले.

लेकीने भांड्यातल्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत ओतलं. "बाबा, तू वाच."

"डोळ्याच्या पातळीला धर," मी ओसरीतून ओरडले. "पाण्याचा मधला खोलगट भाग वाच!"

त्याने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तिच्या वहीतला कालचा आकडा मागितला, परवाचा मागितला, आणि भर पावसात उभं राहून तिच्या तिथल्या सगळ्या वर्षांचे कागद समोर आल्यासारखा तो त्या एका नळीकडे बघत राहिला. लेकीची मात्र नजर त्याच्या चेहऱ्यावर होती.

"त्रुटी आहे?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. नळी तिच्या हातात परत देताना त्याने घसा साफ केला, ऑफिसात करतो तसा. "मंजूर."

 तिने आकडा लिहून घेतला.

परत आल्यावर त्याने बूट काढून चुलीजवळ ठेवले. तळ लाल मातीने पार भरला होता. मी आत हात घालून बघितलं. मोरचूद नव्हतं, नुसतेच हात होते, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही, पण बूट आतून कोरडे होते.

"बाबा," लेक म्हणाली, "आता दुकानवाले हे परत घेणार नाहीत."

नवरा खिडकीत जाऊन बसला होता आणि ढगात हात घालून कप चाचपडत होता.

"मागितलेत का त्यांनी?" तो म्हणाला.